फिरकी

मेथीसाठी दोन हात जागा हवी होती, एवढंच.
एप्रिलचा शनिवार, ऊन असूनही बोटं गारठलेली,
बर्स्लममधल्या आमच्या घरामागे
मी कुदळ मारते तर
खण्.

दगड असेल म्हटलं. दगड नव्हता.
बशीचा काठ, त्यावर निळी वेल
अर्धीच चढलेली.
मग कपाचा कान. मग आणखी एक.
मग कानच कान,
जणू ह्या घराखाली कुणी
बरीच वर्षं ऐकत बसलं होतं.

दोन बादल्या भरल्या.
दिगंबर दारातूनच म्हणाला,
"लेस्टरहून येते की मेथी. पाउंडाला दोन जुड्या."
खोटं नव्हतं ते.

शेजारचा कीथ कुंपणावरून डोकावला.
त्याचं आडनाव लिहितात कोल्क्लफ, म्हणतात कोकली;
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
त्याला माझं ज्ञानदा अजून झेपत नाही,
तो डायना म्हणतो आणि मीही ओ देते.
म्हणाला, हे सगळ्यांच्याच परसात निघतं.
त्याची आजी भट्टीवर होती, तडा गेलेला माल
एप्रनच्या खोळीत घालून घरी आणायची,
फोडायची, वाटेखाली दाबायची, पाणी मुरावं म्हणून.
"गरीब होतो," म्हणाला,
"पण चाललो चिनी मातीवरून."

संध्याकाळी नळाखाली तुकडे धुताना
एकाच्या पाठीवर, झिलईत,
अंगठ्याचा ठसा.
ओली बशी उचलताना उमटलेला
आणि तसाच भाजून पक्का झालेला.
रेघ न् रेघ दिसत होती.
म्हणूनच नापास झाली असणार ती.
मी त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला.
बसेना.
ठसा फारच लहान होता.
किती लहान, हा विचार
भांडी घासून होईपर्यंत मी टाळला.

रात्री उशीवर टेकल्यावर कळलं,
उजव्या कुडीची फिरकी नाही.
कुडी केसांत अडकून राहिलेली, फिरकी गेलेली.
आईने पाटली मोडून केल्या होत्या ह्या,
माझ्या व्हिसाचा शिक्का पडला त्या आठवड्यात.
सकाळी उठून
पिठाच्या चाळणीने मी इंग्लंडची माती चाळली.
गांडुळं निघाली. ती परत सोडली.

रविवारी कीथ यंत्र घेऊन आला,
कानांवर हेडफोन, चेहरा शस्त्रक्रिया करणाऱ्याचा.
दर पावलाला टीं टीं.
सात खिळे. सायकलचं पेडल.
मुरडलेला चमचा.
आणि कुत्र्याच्या गळ्यातला पितळी बिल्ला,
वर नाव कोरलेलं: बंटी.
माझ्या मामेभावाला घरात बंटीच म्हणतात.
मी त्याला लगेच फोन लावला,
तुझा बिल्ला सापडला रे, म्हटलं,
तर तो सांगलीत, भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन
इतका हसला, की कीथही
काही न कळता हसायला लागला.

फिरकी नाही मिळाली.
आयुष्यभर मी लोकांची घेतली,
मातीने माझी घेतली.
कानामागे आता पेन्सिलीच्या खोडरबराचा
चिमुकला तुकडा खोचलेला असतो.
कुणाला दिसत नाही. मला सारखा जाणवतो.

ठसा असलेला तुकडा पुन्हा पुरायला
हात धजला नाही.
तो शेगडीजवळ आहे, चहाचा चमचा ठेवायला.

जूनमध्ये मेथी आली, बुटकी आणि कडू.
तीन पाण्यांनी धुते मी, तरीही
जेवताना कधी दाताखाली कच्चकन् होतं.
दिगंबर घास थांबवतो, माझ्याकडे बघतो,
जिभेवरून बोटावर काढतो,
दिव्याखाली धरतो.

आजवर तरी वाळूच निघाली आहे.